पाहुण्याने मारलेली मूस

फेव्रोन्याचा जन्म उत्तरेकडच्या जंगलातल्या नदीकाठचा. पुढे जंगल राखीव झालं, तिथल्या मूळच्या कोमी जमातीच्या माणसांची जाळी नि फासे रक्षकांनी उचलून नेले, आणि तिच्या नवऱ्याची, प्रोकोपीची, बंदूक एका रानकोंबड्यापायी जप्त झाली. प्रोकोपी त्यानंतर खचला तो खचलाच. तो गेल्यावर फेव्रोन्या जंगलातल्या विश्रामगृहात स्वयंपाकाला लागली. पक्षी बघायला आलेल्यांना पिठाच्या पारीत मासे भरून भाजलेली पाई करून घालायची आणि वर दटावायची, "शेकोटी वाळूतच पेटवा हं, सुक्या शेवाळावर नको! धुमसत राहतं ते."

एका जूनमध्ये त्या राखीव जंगलाचा संचालक ग्लेब अर्काद्येविच राजधानीतला एक बडा पाहुणा घेऊन आला. दुपारी पलीकडच्या काठावर बार उडाला. थोड्या वेळाने होडी लागली आणि पाहुण्याने घमेलं ओट्यावर आदळलं.

"काकू, मूसचं ताजं काळीज आहे. कांदा घालून झकास परता!"

फेव्रोन्याने दाराबाहेर होडीकडे पाहिलं. तिच्यात घोड्याएवढी थोराड हरणी, मूसची मादी, मरून पडली होती. तिच्या सडातून दूध गळत होतं.

"पिल्लू कुठंय हिचं?"

"पळालं असेल कुठं तरी," ग्लेब म्हणाला. "तू चूल पेटव ना."

"प्रोकोपीची बंदूक नेलीस तेव्हा काय म्हणाला होतास? कायदा सगळ्यांना सारखा! आज गिळलास होय तो कायदा?"

"हळू बोल, बाई! हे कोण आहेत माहितेय का तुला?"

"दिसतंय की. ओली बाळंतीण मारणारा."

पाहुणा खो-खो हसला. "भलत्याच तिखट आहेत हो तुमच्या आजी!"

त्या हसण्याने फेव्रोन्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने एप्रन सोडून त्या घमेल्यावर फेकला, शेजारच्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली. तिथे वायरलेस होता. पुराची नि वणव्याची खबर त्याच्यावरूनच सगळ्या चौक्यांना जायची.

"ऐका रे सगळे! फेव्रोन्या बोलतेय. पाहुण्याने पिल्लाची आई मारलीय. संचालक सोबत होता. मला तिचं काळीज रांधायला सांगताहेत!"

ग्लेब दारावर धक्के देत होता. तेवढ्यात खालच्या चौकीवरच्या स्तेपानचा आवाज खरखरला, "काकू, सगळ्यांनी ऐकलं. निघालोच मी."

स्तेपान दोघा रक्षकांना घेऊन आला आणि ग्लेबच्या डोळ्यांदेखत त्याने पाहुण्याची बंदूक काढून घेतली.

पुढे चौकशी झाली. म्हणे, मूस अंगावर धावून आली होती! पाहुण्याला बंदूक सन्मानाने परत मिळाली, ग्लेबला वरची जागा मिळाली. प्रोकोपीची बंदूक मात्र अजून कुलपातच आहे. फेव्रोन्याला वयाचं कारण सांगून घरी बसवलं. आणि ते पिल्लू? ते काठाकाठाने ओरडत हिंडलं, मग त्याचा आवाज यायचाच थांबला.

"कशाला जिवाला लावून घेतेस?" गावातल्या दुकानात शेजारीण म्हणाली.

"का नको लावून घेऊ?" फेव्रोन्या भरल्या दुकानात कडाडली. "वय झालं म्हणे माझं! ग्लेब येऊ दे एकदा इथं. त्याच्या तोंडावर विचारते, हे जंगल नक्की कुणासाठी राखून ठेवलंय ते!"