वंदनाले देल्लेली डिस्क

हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाई, बायकोलेही नाई. तू आपला माणूस, म्हणून सांगून राह्यलो. अन् मी कायी दुःखात आहो, असं समजू नको. पुसदात माहा लग्नाच्या शूटिंगचा धंदा मस्त चालू आहे. टेबलाच्या खणात हार्डडिस्का कांद्यावानी पडल्या रायतात. कार्ड तर नखाएवढं, अन् त्यात अख्खं लग्न मावते! आता जागेसाठी कोणी काही पुसून टाकत नाई. गिऱ्हाइकाले सारंच्या सारं पेनड्राइव्हवर देऊन टाकतो. बाजूचा सीडीवाला मोबाइलचे कव्हर विकते, तोही खूश आहे.

पण अठरा-एकोणीस वर्षांपह्यले माह्यापाशी डिस्क एकच होती. दुसरी घ्यायची तं बायकोचं डोरलं मोडा लागलं असतं. म्हणून आमच्या लाइनीत सारे तेच करत — एका लग्नाची सीडी देल्ली, की दुसऱ्या लग्नासाठी डिस्क साफ. मले तेव्हा त्यात कायी वाटत नव्हतं.

फुलसावंगीच्या वंदनाचं लग्नही तसंच. पंचशील झालं, अन् तिच्या बापानं माइक घेतला. खंजेरी वाजवत, पोरीसाठी स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. आवाज बसका, डोये भरलेले. मी सीडीत त्याचं काय केलं? तोंड ठेवलं, आवाज काढून टाकला, वरून पिक्चरचं गाणं टाकलं. तेव्हा फ्याशनच होती न!

वर्षभरात बाप गेला. वंदना दुकानात आली. "भाऊ, मले बाबाचा आवाज पायजे. तुमच्यापाशी असनच न?"

कुठचा असते! मी तं दुसऱ्याच हप्त्यात तो पुसून त्यावर उमरखेडचं लग्न भरलं होतं. "पुसलं, बाई" — एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं काय? "डिस्क बिघडली." तिथंच थांबलो असतो तरी... पण ती रडाले लागली. मंग मी भंगारातल्या, बंद पडलेल्या कॉम्प्युटरची जुनी डिस्क काढली अन् तिच्या हातात ठेवली. म्हटलं, "यातच आहे. नागपूरले काढून देतेत, पण लय महाग पडते." महाग म्हटलं की हे काही जाणार नाई, असा हिशेब. काय अक्कल चालवली, बाप्पा!

तिनं ती लग्नाच्या पातळाच्या घडीत ठेवली. दर दोन-तीन वर्षांनी विचारे, "भाऊ, झालं का स्वस्त?" डिस्का स्वस्त होत गेल्या, मी मात्र दर खेपेले "अजून नाई" म्हणत गेलो. तिच्या घरी चहा पेलो. तिच्या पोट्टीच्या वाढदिवसाचं शूटिंग केलं. लाज कशी नाई वाटली? वाटली — अन् तरी चहा पेलो.

मांगच्या हप्त्यात वंदना आली ते हसतच. पोट्टी बारावी झाली, पुण्याले कॉम्प्युटर शिकाले चालली. तिथं बिघडल्या डिस्कीतलं काढणं आता काही महाग नाई म्हणे. "आता बाबा ऐकू येईन, भाऊ. पह्यले तुमालेच ऐकवीन."

मी काय म्हटलं असन? "नीट गुंडाळून द्या, बाई. एसटीत आदळते."

पोट्टी सोमवारी डिस्क घेऊन गेली. त्या डिस्कीत तिचा आजा नाई. त्याले मी पुसलं, अन् वंदना रोज फोनची वाट पाहून राह्यली.