संकष्टीची गोळी

वजनकाट्यावर उभं राहताना मी चष्मा काढून ठेवते. चष्म्याचं असं काय वजन असणार, असं आमचे हे म्हणतात. पण ज्याला उतरवायचंय त्यालाच ते कळतं. आकडा हेच वाचतात. एका हाताने भिंत धरून वाकतात, वाचतात आणि एक अक्षर न बोलता सरळ होतात. नवऱ्याचं हे गप्प राहणं मला टोमण्यापेक्षा जास्त झोंबतं.

गेल्या वर्षी दिवाळीआधी हिमायतनगरच्या डॉक्टरांनी मला सरळ सांगून टाकलं होतं. माझी साखर गोळ्यांना जुमानत नव्हती आणि वजन चढतच होतं. "अम्मा, रोज चलो, वजन कम करो. दो महिने देखते, नई तो सुई लगाना पडता," ते म्हणाले. सुई म्हणजे इन्सुलिन.

सुईला मी भिते असं कुणी समजू नये. माझ्या आईला शेवटची काही वर्षं दोन्ही वेळा मीच सुई टोचत होते. लुगड्याची गाठ सैल करून ती पोट पुढे करायची आणि तोंड भिंतीकडे फिरवायची. आपल्या लेकीपुढे ती रोज दोनदा लाजायची. मला सुनेपुढे तसं पोट उघडं करून बसायचं नव्हतं. आमची सून तेलुगू घरातली, मराठी आमच्या घरात येऊन शिकली, मुलगी गुणाची आहे. पण मी तिची सासू आहे, आणि सासूचा थोडा तरी वचक राहायला हवा, हे माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून मी चालायला लागले. काचीगुड्यात आमच्या घरामागेच मैदान आहे. आधी सकाळी जायचे, मग संध्याकाळीही जायला लागले. पोळी एकीवर आणली, भात जवळजवळ सोडला, दूध बंद केलं. ब्लाऊज ढगळ झाले. गल्लीतल्या बायका "काय हो, निम्म्या झालात!" म्हणायच्या आणि मी फुगायचे. पलंगावरून उठताना हात टेकावे लागायचे, जिन्यात मध्येच थांबावं लागायचं, ते मी वयाच्या खात्यात टाकत होते.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी संकष्टी आली. लग्न झाल्यापासून मी संकष्टी सोडलेली नाही. पूर्वीचा आमचा उपास म्हणजे चैन असायची: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर राजगिऱ्याचा लाडू. डॉक्टरांनी साबुदाणा आणि बटाटा बंद केला तेव्हा मी अगदी शहाण्यासारखं ते ऐकलं. खिचडी सोडली. उपास ठेवला. म्हणजे दिवसभर बिनसाखरेचा चहा आणि पाणी, बाकी काही नाही. आणि साखरेची गोळी मात्र सकाळी नेमाने घेतली, कारण औषधाने उपास मोडत नाही हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मला वाटलं, देवाचंही राखलं आणि डॉक्टरांचंही राखलं. उद्या काट्यावर दोघांची कृपा दिसेल.

दुपारपासूनच माझं डोकं फिरलं होतं. यांनी पेपरची घडी नीट घातली नाही म्हणून मी बोलले. सुनेने नारळ जाड खोवला म्हणून तिला बोलले. दूध उतू गेलं, तर मी गॅसला बोलले. घरात कुणालाच त्यात काही नवल वाटलं नाही, कारण मी एरवीही काही मिठ्ठास बाई नाही. यांनी पेपर उचलला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. तिथेच घात झाला. साखर उतरली की माणूस चिडचिडं होतं, हे मला नंतर कळलं. पण मुळातच चिडक्या बाईची साखर उतरतेय हे कोण ओळखणार?

संध्याकाळी मी मैदानात गेले. उद्याचा आकडा अजून थोडा खाली यावा म्हणून एक फेरी जास्त मारली. परत येताना गल्लीच्या तोंडाशी पाय जड झाले आणि मानेवरून घाम ओघळला. कार्तिकातली हवा, लोक शाल घेऊन फिरत होते आणि माझी पाठ भिजलेली. चालण्याचाच घाम, असं म्हणून मी घरी आले, चष्मा काढून काट्यावर उभी राहिले आणि यांना हाक मारली. आकडा खाली आला होता. पहिल्यांदाच हे म्हणाले, "उतरलं बरं का चांगलं." मला इतका आनंद झाला की चष्मा तिथेच राहिला.

चंद्रोदयाला आम्ही गच्चीवर गेलो. पूर्वी आमच्या गच्चीवरून चंद्र उगवताना दिसायचा. आता पूर्वेला अपार्टमेंट उभं राहिलंय, त्याच्या डोक्यावर चढेपर्यंत चंद्र दिसत नाही. हे म्हणाले, "कॅलेंडर पुण्याहून येतं, त्यातली वेळ तिकडची. आपण पुण्याच्या पूर्वेला, तिकडची वेळ झाली म्हणजे इथे चंद्र कधीच उगवलाय. हात जोड आणि जेव."

"डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी जेवले आहे कधी?" मी ओरडले. जीभ जड झाली होती. ताम्हन धरलेला हात थरथरत होता, म्हणून मी ते कठड्यावर ठेवलं आणि खुर्चीत बसले. आजूबाजूचे आवाज लांबून येत होते. स्टेशनात गाडी शिरत होती, ती मला कुठल्या तरी दुसऱ्याच गावातली वाटली.

तेवढ्यात सून वर आली. तिने पहिल्यांदाच एकटीने मोदक केले होते आणि तिचा चेहरा रडवेला होता. "आई, सगळे मोदक फुटले. सारण पूर्ण बाहेर आलं," ती म्हणाली आणि माझ्या बोलण्याची वाट बघत उभी राहिली.

"असू दे," मी म्हणाले. "छान झाले असतील."

सून दोन पावलं मागे सरकली. मग खाली वाकून तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, माझ्या कपाळाला हात लावला आणि यांना म्हणाली, "बाबा, आई रागावल्या नाहीत! काहीतरी झालंय!"

ती जिना उतरून धावली आणि साखर तपासायचं मशीन घेऊन आली. बोटाला टोचलेलं मला कळलंसुद्धा नाही. तिचा चेहरा मात्र दिसला. आकडा बघताच तो पांढराफटक पडला. आईला सुई टोचताना माझा चेहरा असाच व्हायचा का, असं काहीतरी माझ्या मनात आलं आणि लगेच विरून गेलं.

तिने खालून पेला आणून पाण्यात साखर ढवळली. पेला माझ्या ओठांशी आला आणि मी दात आवळले. मला साखर हवी होती, सगळं अंग ती मागत होतं. पण डोक्यात एकच गोष्ट अडकून बसली होती: चंद्र दिसलेला नाही.

"आई, प्या ना!" सून म्हणत होती. मग तिच्या तोंडून तेलुगूच निघालं. "अत्तम्मा, नोरु तेरवंडी! तोंड उघडा!" मी मान फिरवली. पाणी हनुवटीवरून पदरात सांडलं. सून रडायला लागली. अंधारात मला तिचे हुंदके ऐकू येत होते आणि ती का रडतेय ते कळत नव्हतं. मी मरत होते आणि मला फक्त व्रताची काळजी होती.

मग हे माझ्यासमोर उकिडवे बसले. आयुष्यभर कोर्टात नोकरी केलेला माणूस, पण थट्टेतसुद्धा खोटं बोलत नाही. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड वळवलं. "आला," ते म्हणाले. "तो बघ, टाकीच्या बाजूला. आला चंद्र."

मी बघितलं. पिवळा, गोल, कडा पुसट झालेला चंद्र. मी हात जोडले आणि तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर माझ्यावर चांगलेच बरसले. उतरलेल्या वजनाची शाबासकी मागायला गेले होते मी! त्यांनी हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. मला उठता आलं नाही. "वजन घटाना बोला था अम्मा, ताकत नई," ते म्हणाले. चरबीबरोबर अंगातलं मांसही चाललं होतं. त्यांनी गोळी बदलली, रिकाम्या पोटी चालणं बंद केलं, उपास बंद केला, डाळ आणि दूध पुन्हा सुरू केलं, आणि खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम दिला. सुई सध्या टळली. चंद्राचंही मला त्याच संध्याकाळी समजलं. वाळलेले कपडे काढायला चष्मा लावून गच्चीवर गेले, तर टाकीच्या बाजूला स्टेशनचा उंच दिवा नुकताच लागला होता. मी यांना काही बोलले नाही.

पुढच्या संकष्टीला सकाळी माझ्यापुढे उपम्याची बशी ठेवत हे म्हणाले, "इतक्या वर्षांचं व्रत आहे, खंड नको. आजपासून मी करतो." सकाळच्या चहाबरोबर बिस्किट नसेल तर ज्याचा दिवस उगवत नाही, तो हा माणूस! मी त्यांना वेड्यात काढलं. त्यांनी ऐकलं नाही.

रात्री गच्चीवर मी पोटभर जेवलेली, चष्मा लावलेली. हे ताम्हन धरून उभे होते, भुकेने चेहरा ओढलेला. अपार्टमेंटच्या वर अजून नुसता अंधार होता. "खाऊन घ्या आता," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. "दिसल्याशिवाय नाही. तूही कधी खाल्लं नाहीस."

मला पुढे बघवेना.

"आला," मी म्हणाले. "तो बघा, टाकीच्या बाजूला."

त्यांनी स्टेशनच्या दिव्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"तुला कधी कळलं?"

"मोदक गार होताहेत," मी म्हणाले. "हात जोडा."

त्यांनी ताम्हन कठड्यावर ठेवलं आणि दिव्याकडे तोंड करून हात जोडले.