अर्ध्या ओलीची माती

नवरा गेल्यावर त्याची शेवटची वही माझ्याकडे आली. पेणपलीकडे खाडीकाठच्या एका गावात शाळा बांधायची होती. तिथल्या मातीची चाचणी त्याने घेतली होती. जमिनीत भोक पाडायचं, त्यात रबरी नळी सोडायची, पाण्याच्या दाबाने ती फुगवायची आणि माती किती रेटा देते ते वर काचेच्या नळीत वाचायचं. मोजणं त्याचं, अर्थ लावणं माझं, अशी आमची वाटणी होती.

आकडे उत्तम होते. उथळ पाया चालला असता, आणि त्याचं शेवटचं काम मला तसंच पुढे पाठवायचं होतं. पण चाचणी वैशाखातली. अर्धवट ओल्या चिकणमातीत उरलेलं थोडं पाणी कणांना घट्ट ओढून धरतं. पावसात ती ओढ सुटते. या रेट्यातला मातीचा किती आणि उन्हाळ्याचा किती, ते वहीतून कळेना. अष्टमी गावातल्या आमच्या घरात ते पान आठ दिवस उघडं होतं. मग स्वतःच त्या खाडीकाठी जायला निघाले.

जागेवर वारा नव्हता. भेगांतून मधूनच बारीक चटकल्यासारखा आवाज येई. शेजारच्या मिठागरावरची म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली.

“तुमचे साहेब शेवटच्या दिशी इथं पानी वतून बसले व्हते गो. मी म्हटलं, माड लावलाव का? तर हसले. म्हनाले, दोन दिसांनी बघतो.”

तो त्याच संध्याकाळी गेला होता. म्हणजे ओल्या मातीची चाचणी त्यालाही घ्यायची होती. वहीत यातलं काहीच नव्हतं.

म्हातारीनेच पाण्याचे हंडे आणून दिले. पाणी मुरू दिलं, आणि तिसऱ्या सकाळी त्या ओलीत नवं भोक पाडून नळी सोडली. दाब अगदी थोडा दिला. काचेतलं पाणी जरा उतरून थांबायला हवं होतं. ते थांबेना. खाली कुणी सावकाश पीत असावं, तसं उतरत राहिलं.

“बंद कर गो,” म्हातारी हळूच म्हणाली आणि मागे सरकली.

मी शेवटपर्यंत वाचलं. नळी वर काढली तेव्हा भोक आपोआप मिटत चाललं होतं.

अहवालात त्याचे आकडे हिशेबाबाहेर ठेवले आणि पाया खोल न्यायला सांगितलं. ओल्या मातीचे आकडे त्याच्याच वहीच्या पुढच्या पानावर उतरवले. लिहून झाल्यावर पाहिलं, तर अक्षर माझं दिसत नव्हतं; मागच्या पानावरच्या त्याच्या अक्षरासारखं होतं.