यमुनाबाईंचा पॅरलल फोन

बायकोला, विशाखाला, तापाने दोन दिवसांत नेलं आणि पाचव्या दिवशी धम्मदीप वानखडे कामावर हजर झाला. स्वारगेटजवळच्या एका लहानशा इंटरनेट कंपनीत तो घरोघर जाऊन तक्रारी निस्तरायचा. साहेब म्हणाले, "अहो, आठवडाभर थांबायचं की." तो म्हणाला, "घरी बसून काय करू?" त्या दिवशी त्याने पाच घरं केली.

साल दोन हजार तीन. इंटरनेट तेव्हा फोनच्या तारेवरून यायचं. मोडेम आधी किंचाळायचा, मग खरखरायचा, आणि गप्प झाला की लागलं म्हणायचं. तक्रारीही ठरलेल्या. कुणाचं पासवर्ड टाकताना कॅप्स लॉक चालू राहिलेलं. कुणी तार भलत्याच भोकात खुपसलेली, कुणाची उंदराने कुरतडलेली. धम्मदीपचे हात ते सगळं आपसूक करायचे, त्याला तिथे हजर असावंच लागायचं नाही.

जलदान विधीला अकोल्याहून नातेवाईक आले, रडले, परत गेले. तो रडला नाही. नागपूर चाळीतले शेजारी म्हणाले, घट्ट मनाचा माणूस. तसं काही नव्हतं. दाढ काढताना इंजेक्शन देतात आणि गाल आपला वाटेनासा होतो, तसं झालं होतं. तीन महिने झाले तरी इंजेक्शन उतरत नव्हतं. चौदा वर्षांची मुलगी निकिता स्वयंपाक करायची, तो जेवायचा. मीठ कमी की जास्त ते त्याला कळायचं नाही.

ऑगस्टमध्ये विश्रांतवाडीहून एकाच घरातून तिसऱ्यांदा तक्रार आली. हिंमतराव, सरकारी छापखान्यातून निवृत्त. सकाळी साडेदहाला इंटरनेट लावलं की पाच-दहा मिनिटांत तुटतं. आधी दोघेजण जाऊन आले होते. एकाने तार बदलली, दुसऱ्याने मोडेम.

दार हिंमतरावांनीच उघडलं. "या. आपण तिसरे. चौथ्याला यायचं असेल तर आधी कळवा, चहाचं दूध जास्त घेतो."

धम्मदीप आत गेला. डायल टोन स्वच्छ होता. लाइनवर खरखर नव्हती. कॉल वेटिंग बंद होतं. त्याने इंटरनेट लावून दिलं आणि हिंमतराव मुलाची मेल उघडून बसले. मुलगा आनंद, कॅनडात. नातवाचा फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने उतरत होता. कपाळ आलं, डोळे आले, आणि तुटलं.

"घ्या," हिंमतराव म्हणाले. "रोज इथपर्यंतच येतो. नातवाला नाक आहे की नाही, आम्हाला ठाऊक नाही."

धम्मदीपने टेबलावरचा फोन उचलून कानाला लावला. लाइनवर कुणीतरी बोलत होतं. तोच आवाज आतल्या खोलीतूनही येत होता.

"आनंद, ऐकतोयस ना रे? जेवलास का?"

तो आत गेला. खिडकीपाशी खुर्चीत हिंमतरावांच्या पत्नी यमुनाबाई बसल्या होत्या. नेसण स्वच्छ, केस विंचरलेले. कानाशी दुसरा फोन, त्याच लाइनवरचा पॅरलल. इंटरनेट चालू असताना तो कुणी उचलला की मोडेमची कानठळ्या बसवणारी खरखर ऐकू येते आणि थोड्याच वेळात जोडणी तुटते. इतकी साधी गोष्ट आधीच्या दोघांनी बघितली नव्हती.

"काका, काकूंना विसर पडतो का?" त्याने बाहेर येऊन विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"मग दोष सापडला. तो फोन काढतो."

हिंमतरावांनी चष्मा काढून पुसला. "दोष मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे हो. मला वाटलं, तुम्ही लोक दुसरं काहीतरी शोधून काढाल. काढा तो फोन."

धम्मदीपने पॅरलल फोनच्या डबीचे दोन स्क्रू सोडवले, तार काढून टेप गुंडाळली. यमुनाबाई बघत होत्या. "दादा, नीट होईल ना? आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत."

"होईल, काकू," तो म्हणाला आणि पुढच्या घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी हिंमतरावांचा फोन ऑफिसात आला, खास त्यालाच मागून. इंटरनेट उत्तम चालतंय, नातवाला नाक आहे, एवढं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "सवड झाली तर येऊन जाल?"

तो गेला. यमुनाबाई खुर्चीत फोन धरून बसल्या होत्या. आत डायल टोनसुद्धा नव्हता. त्या कान बदलून बदलून ऐकत होत्या. ताट समोर तसंच होतं.

"सकाळपासून हेच," हिंमतराव म्हणाले. "आनंद बोलत नाही, म्हणते. रागावलाय."

"मुलाला फोन करायला सांगा ना, काका."

"दर रविवारी करतो. ही उचलते. आई, मी आनंद, असं म्हणतो तो. ही म्हणते, आपला नंबर चुकलाय, आणि ठेवते." हिंमतराव दाराच्या चौकटीला हात टेकून उभे होते. "माणसाचा आवाज ओळखत नाही. त्या खरखरीशी मात्र तुटेपर्यंत आणि तुटल्यावरही बोलते. लहानपणी तो कुठे पडला, कुणाच्या मुंजीला काय खाल्लं, सगळं सांगते. मला जे आठवत नाही तेही."

धम्मदीपने पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि विचारलं, "परत जोडू?"

"जोडा."

"इंटरनेट रोज तुटणार."

"मेल तेवढ्या वेळात येते. फोटो राहू द्या." मग नेहमीच्या सुरात ते म्हणाले, "आणि मी तक्रार करणार नाही. तुमच्या कंपनीला चुकल्याचुकल्यासारखं होईल."

त्याने तार जोडली, बाहेर जाऊन इंटरनेट लावलं. मोडेम किंचाळला. आतून लगेच आवाज आला, "अगं बाई, आलास का? किती वाट बघायची!" हिंमतराव कॉम्प्युटरकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून ऐकत बसले. कामाच्या कागदावर कारणाच्या रकान्यात धम्मदीपने लिहिलं, लाइनमध्ये दोष नाही. सही घेतली. चहा घेतला.

संध्याकाळी जेवताना निकिताने रोजच्यासारखं विचारलं, "आज काय झालं?" रोज तो म्हणायचा, काही नाही. आज त्याने सांगायला सुरुवात केली. डबी, खरखर, चुकलेला नंबर, ताट. सपाट आवाजात, तक्रार लिहून घेतल्यासारखं. तीन महिन्यांत तो इतकं सलग बोलला नव्हता. निकिताने हातातला घास खाली ठेवला आणि ती हुंदके देऊन रडू लागली. आई गेल्यापासून असं रडणं त्याने तिचं पाहिलं नव्हतं.

तो उठून तिच्याजवळ बसला. अशा वेळी डोक्यावर हात ठेवतात हे त्याला माहीत होतं, म्हणून ठेवला. तिचं डोकं गरम होतं आणि हुंदक्याबरोबर हलत होतं. त्याला स्वतःला काही होत नव्हतं. ती थांबेपर्यंत मात्र त्याने हात काढला नाही. नंतर दोघांनी गार झालेलं जेवण संपवलं.

दोन वर्षांनी ब्रॉडबँड आलं. फोन आणि इंटरनेट एकाच तारेवर, एकाच वेळी, किंचाळणं नाही, तुटणं नाही. धम्मदीपकडे जुन्या ग्राहकांची यादी होती, प्रत्येकाला विचारायचं. हिंमतरावांनी माहिती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"म्हणजे पॅरललवर काहीच ऐकू येणार नाही?"

"नाही, काका. साधा डायल टोन."

"मग आम्हाला इतक्यात नको," हिंमतराव म्हणाले. धम्मदीपने त्यांच्या नावापुढे 'नको' असं लिहिलं आणि यादीतला पुढचा नंबर फिरवला.