फुग्याचा लाल दिवा

कारंजा घाडग्याला हायवेवर, ढाब्यांच्या रांगेत तानबाचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाचं शेड, एक बाक आणि तानबाचा बल्ब. दोन वायरी जोडलेला हा बल्ब घेऊन त्याने वीस वर्षं ट्रकांची दुखणी शोधली. वायरीला टोचला आणि पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही. एवढंसं शास्त्र, पण तानबाचा तोरा असा, की इंजिनिअरने लाजावं.

या तोऱ्याच्या आत मात्र एक काटा सलत होता. १९९३ साली बाबाराव नावाचा ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "तानबा, हा ऑइलचा लाल दिवा डोळ्यात खुपते. काढून टाक." तानबाने तो काढला आणि चहा पिऊन मोकळा झाला. तिसऱ्याच दिवशी तळेगावच्या पुढे ऑइल संपून इंजिन जाम झालं, ट्रक शेतात घुसला. बाबाराव वाचला, वर स्वतःच येऊन हसत म्हणाला, "गलती माहीच होती ना बावा." पण तानबाला दोन दिवस घास गिळवला नाही. तेव्हापासून त्याने कोणाच्याच गाडीचा दिवा काढला नाही.

२००६ च्या मार्चात एका सकाळी अण्णाजी आले. संत्र्याचे मोठे व्यापारी. गाडी नवी, पुढच्या दोन्ही सीटांना एअरबॅग. तालुक्यात सगळे एअरबॅगला फुगाच म्हणत.

"तानबा, हा फुग्याचा लाल दिवा विझव. सूनबाईले आज अल्लीपूरले न्या लागते, माहेरी डोहाळजेवण हाय तिचं. अन् ते म्हणते, दिवा विझल्याशिवाय बसत नाई."

सूनबाई वर्षाली शेजारीच उभी होती. सातवा महिना, हातात गाडीचं पुस्तक. त्या घरात ते पुस्तक उघडणारी ती पहिलीच. "दिवा लागून असला तं टक्करीत फुगा उघडत नाई, काका," ती म्हणाली. "यात लिहून हाय."

अण्णाजींनी तानबाला डिक्कीमागे ओढलं. "त्या दिव्याचा बल्ब काढून टाक ना बाबू! दोन मिनिटाचं काम. तिले काय समजते?"

मोह झाला, खोटं कशाला बोला. अण्णाजींसारखं गिऱ्हाईक रोज येत नाही. पण तानबाने त्या पोरीकडे बघितलं आणि मान हलवली. "नाई जमत, अण्णाजी. खराबी शोधतो."

अण्णाजींचं तोंड कडू झालं. तानबाने तिकडे लक्षच दिलं नाही. तो वर्षालीला म्हणाला, "बाई, दिवा केव्हा लागते, केव्हा विझते, काही ध्यानात हाय काय?"

इतक्या दिवसांत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती लगेच म्हणाली, "मी बसतो ते सीट मांगं सरकवली का कधी कधी विझते. पुढं घेतली का लागते."

म्हणजे दुखणं सीटखाली. तानबा वाकला, सवयीने बल्ब उचलला, वायरीपर्यंत नेलासुद्धा. वायरीवर पिवळं वेष्टन दिसलं आणि चटका बसावा तसा त्याचा हात मागे आला. नागपूरच्या तीन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये मास्तरांनी एकच गोष्ट घोकून घेतली होती. पिवळी वायर फुग्याची, तिला बल्ब लावायचा नाही, तेवढ्याशा करंटनेही फुग्याचा स्फोट होऊ शकतो. तानबाने मुकाट्याने बल्ब खिळ्याला टांगला. कोणी बघितलं नाही, म्हणून अब्रू वाचली.

त्याने बॅटरीची वायर काढली आणि बाकावर जाऊन बसला.

"आता काऊन बसून राह्यला?" अण्णाजी उखडले.

"दहा मिनिटं थांबा लागते. बॅटरी काढली तरी फुग्याच्या पेटीत करंट राह्यते."

तानबाच्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब दहा मिनिटं. नुसतं बसून राहणं हे काम असतं, हे त्याच्या हातांना पटतच नव्हतं. अण्णाजी घड्याळ बघत राहिले, वर्षाली पुस्तक वाचत राहिली.

मग त्याने सीटखाली हात घातला. बोटं चिकट झाली. टॉर्चच्या उजेडात बघतो तर पिवळ्या जोडावर मुंग्यांची रांग आणि मागे दोन चेपलेली संत्री! कोणत्या बागेतला माल बघून आलो हे दुसऱ्या व्यापाऱ्याला कळू नये, म्हणून अण्णाजी नमुन्याची संत्री सीटखाली लपवत. रस झिरपून थेट फुग्याच्या वायरीत उतरला होता. सगळ्या जिल्ह्यापासून लपवलेला माल शेवटी मुंग्यांना सापडला. अण्णाजी आधी खजील झाले, मग स्वतःच पोट धरून हसले.

तानबाने जोड सोडवला, स्प्रेने धुतला, वाळवला, टक् आवाज येईपर्यंत बसवला. वायरीला जरा ढील दिली. मग सगळ्यांना बाहेर ठेवून बॅटरी जोडली आणि चावी फिरवली. दिवा लागला, काही सेकंद राहिला, विझला.

वर्षालीचे डोळे बारीक झाले. "बल्ब तं नाई काढला ना तुम्ही?"

"काढला असता तं पहिले लागलाच नसता," तानबा म्हणाला. "रोज चावी फिरवली का लागला पायजे, मंग विझला पायजे. घे, तूच पाह्य."

तिने तीन वेळा चावी फिरवली. तिन्ही वेळा दिवा लागला आणि विझला. सीट पुढे-मागे सरकवून चौथ्यांदा बघितलं. मग गाडीतून उतरून ती तानबासमोर उभी राहिली. "आता सांगा काका. बसू काय मी?"

वीस वर्षांत लोकांनी त्याला एवढंच विचारलं होतं, झाली काय, किती झाले, लवकर कर. असं कोणीच विचारलं नव्हतं. तानबाने सीट मागे सरकवली, ती बसल्यावर पट्टा ओढून तिच्या हातात दिला, पोटाखालून कसा घ्यायचा ते हवेतच दाखवलं, आणि ती लावेपर्यंत दार धरून उभा राहिला.

"आता जा, बेटा," तो म्हणाला.