शुभेच्छांच्या मागे अडकलेला अलार्म

आमच्या दूध संस्थेच्या चेअरमनना प्रत्येक सणाला सगळ्या सभासदांच्या मोबाईलवर जाऊन उभं राहायची हौस आहे. खाली सभासदाचं नाव, वर समई, मधे हात जोडलेले चेअरमन. संस्थेचं वेब ॲप्लिकेशन भिंगारच्या घरी बसून जावा या संगणकाच्या भाषेत मीच लिहिलेलं, त्यामुळे हे पुण्यकर्मही माझ्याच गळ्यात पडलं.

त्याच ॲप्लिकेशनमध्ये माझं एक लाडकं काम होतं. गावाचं दूध ज्या मोठ्या टाकीत थंड ठेवतात, त्या बल्क कूलरचं तापमान दर मिनिटाला वाचायचं आणि ते चढलं तर ऑपरेटरच्या फोनची घंटा वाजवायची. जावाच्या फ्रेमवर्कमध्ये अशी कामं लावणं फार सोपं. कामाच्या डोक्यावर एक खूण करायची, शेजारी वेळ लिहायची. पुढे ते आपलं आपण चालतं. दर मिनिटाला तापमान, सणाच्या सकाळी शुभेच्छा. दोन्ही कामं वेगवेगळी चालवून पाहिली होती. दोन्ही शहाण्या बाळांसारखी वागली.

दिवाळीच्या पाडव्याला पहाटेच शुभेच्छा निघाल्या. प्रत्येकासाठी वेगळा फोटो तयार करायचा, मग पाठवायचा, त्यात सणामुळे नेटवर्क रडतंय. ऊन वर आलं तरी चेअरमन घरोघरी पोचतच होते. तेवढ्यात कूलरचा कॉम्प्रेसर बंद पडला. ऑपरेटर अलार्मच्या भरवशावर घरी ओवाळून घ्यायला गेलेला. घंटा काही वाजली नाही. टँकरवाल्याने दूध उकळून पाहिलं, ते फाटलं, आणि गावाचं सकाळचं सगळं दूध ओढ्यात गेलं.

कारण सापडलं तेव्हा मी घरातल्या घरात थयथयाट केला. आपण वेगळं काही सांगितलं नाही, तर हे फ्रेमवर्क अशा सगळ्या कामांना मिळून एकच थ्रेड देतं. एकच गडी म्हणा ना! तो शुभेच्छा वाटायला गेला, की परत येईपर्यंत तापमानाकडे ढुंकून बघत नाही. फ्रेमवर्क बनवणाऱ्यांनी हे लिहून ठेवलंय, मान्य. पण प्रत्येक कामाला त्याची वेळ द्यायला लावायची आणि आत गडी एकच ठेवायचा, हा कुठला न्याय?

तरी खरा संताप पुढेच होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संस्थेत बैठक बसली, मलाही बोलावलं, आणि चेअरमननी निकाल दिला.

"अलार्म बिनकामाचा हाय. काढून टाका. शुभेच्छा लई भारी पोचल्या, त्या ऱ्हाऊ द्या."

"अहो चेअरमन, शुभेच्छांनीच तर अलार्म अडवला!"

"माझा फोटो कशाला अडवील? तो मोबाईलमधी, कूलर हितं."

बाहेर दूध घालायला आलेल्यांची रांग. पुढे एक आक्का भरली किटली घेऊन उभी, पण ओतायला तयार नव्हती. "कालचं वढ्याला दिलं. आज कुनाला देऊ?"

मग मात्र मला राहवलं नाही. संस्थेच्या सेक्रेटरींच्या हातात बैठकीतला पेढ्यांचा बॉक्स दिला. "प्रत्येकाला नाव घेऊन, हात जोडून पेढा द्यायचा. सगळे वाटून झाले, की कूलर बघायला जायचं. त्याआधी नाही!" आणि कूलरपाशी जाऊन छाती पिटत बोंब ठोकली, "बंद पडला हो! दूध चाललं!"

सेक्रेटरी रांगेतल्या म्हाताऱ्याला विचारत होते, "गुडघा काय म्हनतोय?"

आक्का कडाडली, "आवं, पेढा ठिवा अन् आधी कूलर बघा!"

चेअरमन वैतागले. "ह्यो पेढे वाटतोय तर कूलरपाशी दुसरा मानूस ठेवा की!"

"तेच म्हणतोय मी! प्रोग्राममध्ये त्याला एक ओळ पुरते."

"मग ती आधीच का न्हाई घातली?"

यावर मी खोकलो आणि लॅपटॉप उघडला. थ्रेड वाढवले, ॲप्लिकेशन पुन्हा चालू केलं, शुभेच्छांची सगळी वरात मुद्दाम सोडली. मग कूलरमधली तापमान मोजणारी कांडी काढून सेक्रेटरींच्या गरम चहात बुडवली.

"माझा चहा!" ते ओरडले.

रांगेतले मोबाईल शुभेच्छांनी टुणटुणत होते. त्या गलक्यात ऑपरेटरच्या खिशातून अशी कर्कश घंटा वाजली, की तो स्वतःच दचकला. त्याने बाहेर काढलेला फोन आक्काने नीट निरखून पाहिला.

"वाजतंय," ती म्हणाली, आणि तिने किटली मापात ओतली.