बाबांनी न दिलेलं रक्त

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. माझे दोन्ही काका चाळिशीतच गेले, छातीत कळ येऊन. बाबा तिघांत थोरले. गिरणीत मागावर उभं राहून काटक झालेले, पोटाचा पत्ता नाही. त्यामुळे आपल्याला काही होत नाही असं त्यांना पक्कं वाटे. पण सायकल ढकलताना ते मधेच थांबू लागले आणि माय हात धुऊन त्यांच्या मागे लागली.

वस्तीतले डॉक्टर म्हणाले, रक्तातली चरबी बघून घ्या. मोठ्या दवाखान्यात सध्या फुकट बघतात. कुठल्या समाजाच्या रक्तात ती किती असते, याचा अभ्यास चाललाय. मी तेव्हा कॉलेजात होते, म्हणून मायने बाबांसोबत मला धाडलं.

सकाळी बिनचहाचं निघायचं बाबांच्या अगदी जिवावर आलं होतं. तरी आले. नंबर लागायच्या आधीच बाकावर बसून त्यांनी बाही दंडापर्यंत दुमडून ठेवली. टेबलामागचा तरुण डॉक्टर सभ्य होता, हे सांगायलाच हवं. त्याने वय, काम, खाणंपिणं विचारलं. मग जात. बाबा म्हणाले, बौद्ध. तो म्हणाला, ते झालं हो, पण त्याच्या आधीची कोणती? धर्म बदलला तरी रक्त तेच राहतं, आम्हाला तेच पाहायचं आहे.

मला त्याचा राग आला आणि त्याचं म्हणणं कळलंही, दोन्ही एकदमच. बाबा शांतपणे बाही खाली करू लागले.

"ते आम्ही टाकून आलो, साहेब," ते म्हणाले. "आता सुईपायी उचलाले नाही जात."

बाहेर त्यांनी दोन कप चहा सांगितला. इतके ताठ बसले होते की मला त्यांचा अभिमानच वाटला. घरी मायला म्हणाले, गर्दी होती, पुढच्या आठवड्यात पाहू. ते आठवडे तसेच गेले.

पोळ्याच्या सुमारास गिरणीतल्या लोकांनी त्यांना घरी आणलं, तेव्हा अंग गार पडलं होतं. वस्तीतले डॉक्टर म्हणाले, तपासून तरी काय, तेल-तूप कमी करा यापलीकडे मी काही सांगू शकलो नसतो. ते वाक्य मी आजही घट्ट धरून बसते, पण त्याने जीव निवत नाही.

पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेले पाहुणे गेल्यावर मी मायला खरं काय झालं ते सांगितलं. दीक्षेनंतर घरातले देव तिनेच नदीत सोडले होते. जुन्या जातीचा शब्द कोणाच्या तोंडून निघाला, तर सगळ्यात आधी तीच उसळायची. तिने पदराने तोंड पुसलं.

"मी सांगतलं असतं नं वं," ती म्हणाली. "त्याईच्यासाठी धा डाव सांगतलं असतं. मले काहून नाही नेलं?"